नकाशातील खिडक्यांचा तक्ता कसा वापरावा
प्रथम प्लॅनवरील डब्ल्यू१, डब्ल्यू२ (खिडक्या), व्ही१ (झरोका म्हणजे व्हेंटिलेटर) अशा प्रत्येक खुणेवर पेन्सिलीने टिक करीत खिडक्या मोजाव्यात आणि तो आकडा तक्त्यातील नगांशी जुळवावा. १२०० × १२०० मिमी खिडकीची सिल (खालची कड) फरशीपासून ९०० मिमीवर असेल, तर लिंटेलची (खिडकीवरील आडव्या तुळईची) खालची कड २१०० मिमीवर येते, हे एलिव्हेशनवर (भिंतीच्या समोरून दिसणाऱ्या चित्रावर) पडताळावे.

दिलेले माप विटकामातील गाळ्याचे (खिडकीसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेचे) की चौकटीचे, हे मात्र लेखी विचारून घ्यावे, कारण गिलाव्यानंतर गाळा कमी होतो. माझ्या एका कामावर याच गफलतीने चौकटी बसेनात आणि ताजा गिलावा फोडावा लागला. कोल्हापुरात पावसाळ्यात पश्चिमेकडून झड येते, म्हणून त्या बाजूच्या खिडक्यांना, माप तेच असले तरी, वेगळा क्रमांक देऊन शेऱ्यात छज्जा आणि सिलचा बाहेरचा उतार नोंदवावा.