सोलापूरच्या माळावरून वळवाचे चित्रीकरण

अमेरिकेतील ओक्लाहोमाच्या मैदानात टोर्नेडोमागे गाड्या पळवणाऱ्यांची चित्रणे पाहून आपणही असे काही करावे, असे अनेकांना वाटते. सोलापुरात टोर्नेडोची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. आपल्या माळावर भर दुपारी गरगरणारी वावटळ तापलेल्या जमिनीवरून उठते आणि तिला ढगाची गरज नसते. टोर्नेडो मात्र गर्जनमेघाच्या तळापासून जमिनीपर्यंत पोहोचतो. एप्रिल-मेमधील वळीव हा आपल्या वाट्याचा विषय आहे आणि तो मुळीच कमी प्रतीचा नाही.

रब्बीची ज्वारी निघाल्यावर मंगळवेढ्याकडची शेते मोकळी होतात आणि क्षितिज दूरवर दिसू लागते. तरीही ढगाआधी रस्ता निवडावा. सोलापूरची काळी माती कोरडी असताना भेगाळलेली व टणक असते, पण सरीनंतर चाकांना अशी चिकटते की चारचाकी जागची हलत नाही. त्यामुळे गाडी डांबरी रस्त्यालगतच्या मुरमाड जागेवर, परतीच्या दिशेला तोंड करून उभी करावी. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात परवानगीशिवाय शिरू नये.

दुपारी कोबीच्या गड्ड्यासारखे फुगणारे ढग दिसू लागले, की हवामान खात्याची रडारचित्रे पाहावीत आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे दामिनी हे विजेचा इशारा देणारे ॲप चालू ठेवावे. ढगाचा माथा ऐरणीसारखा पसरला म्हणजे तो पक्व होत आला. तो कुठे सरकतो हे पंधरा-वीस मिनिटे न्याहाळून त्याच्या वाटेपासून बाजूला थांबावे, समोर कधीही नाही. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रेनो येथे सुमारे ४.२ किलोमीटर रुंदीच्या टोर्नेडोने अचानक दिशा व वेग बदलला आणि टिम समारास यांच्यासारख्या अनुभवी संशोधकासह त्यांच्या पथकातील तिघे मृत्युमुखी पडले; वादळाची पुढची चाल आपल्याला कळते, हा भ्रम कोणीही बाळगू नये.

ढगाची वाढ टिपण्यासाठी दर तीन सेकंदांना एक छायाचित्र घ्यावे. दहा मिनिटांत २०० चित्रे होतात आणि सेकंदाला २५ या गतीने त्यांचे आठ सेकंदांचे चित्रण तयार होते. मोबाइलवर एक्स्पोजर, म्हणजे चित्रात येणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण, लॉक करावे, नाहीतर प्रत्येक विजेला चित्र उजळते-मावळते. रात्रीच्या विजेसाठी कॅमेरा तिपाईवर ठेवून, फोकस हाताने दूरवर स्थिर करून, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, लेन्सचे छिद्र एफ/८ आणि पंधरा-वीस सेकंदांचे एक्स्पोजर यांपासून सुरुवात करावी. वीज चमकल्यावर बटण दाबण्याचा खटाटोप व्यर्थ असतो. सलग चित्रे घेत राहणे हाच मार्ग आहे.

चमक आणि गडगडाट यांतील सेकंदांना तिनाने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. हा काळ तीस सेकंदांवर आला, की तिपाई जागेवर सोडून बंद काचांच्या चारचाकीत बसावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. दुचाकी, एकटा कडुलिंब आणि पत्र्याचे उघडे शेड यांपैकी कशाचाही आसरा घेऊ नये.

पावसाच्या आधी येणारा गार वाऱ्याचा झोत धुळीची भिंत उभी करतो. ते दृश्य उत्तम असते, परंतु त्या वेळी लेन्स बदलू नये. काचेवरची धूळ फुंकणीने उडवावी, कारण कोरड्या कापडाने पुसल्यास ओरखडे पडतात.