गोवर-रुबेलाची लस आणि कॅथलिक विवेक : कसं तपासावं, कसं ठरवावं

बाळाचे नऊ महिने पुरे झाले की गोवर-रुबेलाचा पहिला डोस असतो, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. ‘ही लस गर्भपात झालेल्या बाळाच्या पेशींवर बनते’ हे कानावर आलं, तर डोस चुकवण्याआधी पुढचं तपासून घ्या.

पहिलं काम माहितीपत्रक वाचायचं. दवाखान्यात सिस्टरकडे मागा आणि फोटो काढून घ्या. घटकांच्या परिच्छेदात ‘ह्यूमन डिप्लॉइड सेल’, ‘एमआरसी-५’ किंवा ‘डब्ल्यूआय-३८’ हे शब्द शोधा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या गोवर-रुबेला लशीत ते सापडतील. डब्ल्यूआय-३८ हा पेशीवंश (एकाच ऊतीतून प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशी) १९६२ मध्ये फिलाडेल्फियात स्वीडनमधल्या एका गर्भाच्या ऊतीपासून वाढवला, तर एमआरसी-५ हा १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये १४ आठवड्यांच्या गर्भापासून. या पेशी साधारण ५० वेळा विभागून थांबतात, म्हणून सुरुवातीच्या पिढ्या गोठवून साठवल्या आहेत. लशीच्या प्रत्येक खेपेसाठी नवा गर्भपात होतो हा समज चुकीचा आहे. मूळ कृती चूक होती, हे मात्र चर्च आजही ठामपणे म्हणतं.

मग पर्याय आहे का ते बघा. हिपॅटायटिस बीची लस यीस्टपासून बनते, तिथे हा प्रश्नच येत नाही. रेबीजच्या व्हेरो (माकडाच्या) पेशींवर किंवा कोंबडीच्या भ्रूणपेशींवर बनलेल्या लशी आपल्याकडे सहज मिळतात, त्या मागून घ्या. पण कुत्रा चावल्यावर शोधाशोधीत दिवस घालवू नका. पहिला डोस त्याच दिवशी हवा, कारण लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजमधून माणूस जवळपास कधीच वाचत नाही. कोविडच्या वेळी कोव्हॅक्सिन (व्हेरो पेशी) आणि कोविशील्ड (एचईके-२९३, मानवी गर्भापासूनचा पेशीवंश) यांत असाच फरक होता. रुबेलाचं तसं नाही. जपानमध्ये सशाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवलेला विषाणू वापरतात, पण ती लस इथे मिळत नाही. एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लस मागूनही काही साधत नाही, तिच्यातला रुबेलाचा भाग त्याच पेशींवरचा असतो.

पर्याय नसेल तर चर्च काय सांगतं? व्हॅटिकनच्या पोंटिफिकल अकॅडमी फॉर लाइफ या संस्थेने २००५ मध्ये रुबेलाच्याच संदर्भात हा प्रश्न तपासला. पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने २१ डिसेंबर २०२० रोजी निघालेल्या व्हॅटिकनच्या टिपणात कोविड लशींबद्दल म्हटलं आहे की निर्दोष लस मिळत नसेल तर अशी लस घेणं नैतिकदृष्ट्या मान्य आहे, कारण घेणाऱ्याचा गर्भपाताशी संबंध दूरचा आणि हेतूविना असतो. लस सक्तीची नसावी, हेही तिथेच आहे. कझाकस्तानमधले बिशप अथानासियस श्नायडर यांच्यासह काही बिशपांना हे पटलेलं नाही. इतक्या घोर पापाशी दूरचाही धागा नको, असं ते म्हणतात. त्यांची कळकळ खरी आहे, तरी रुबेलाच्या बाबतीत आमचं मत लस घेण्याच्याच बाजूचं आहे. गरोदरपणाच्या पहिल्या १२ आठवड्यांत आईला रुबेला झाला तर बाळाला बहिरेपणा, मोतीबिंदू, हृदयदोष होऊ शकतात, गर्भही जाऊ शकतो. म्हणजे न जन्मलेल्या बाळाच्या जिवासाठी लस नाकारताना दुसऱ्या न जन्मलेल्या बाळाचाच जीव धोक्यात येतो. लग्न ठरलेल्या मुलीने लस घेतलेली नसेल तर आधी घ्यावी आणि नंतर एक महिना गर्भधारणा टाळावी. गरोदरपणात ही लस देत नाहीत.

तरीही मन मानत नसेल तर फादरांशी बोला, पण रोगाच्या धोक्याबद्दल डॉक्टरांनाच विचारा. नकार देणाऱ्याने इतरांना संसर्ग होऊ न देण्याची सगळी काळजी घ्यायची, असं तेच टिपण सांगतं. ताप आणि पुरळ आलेलं मूल गरोदर शेजारणीपासून दूर ठेवणं हे त्यातलं पहिलं.

लस घेतली तरी आक्षेप नोंदवायचा राहतो, आणि नेमकं हेच बहुतेक जण विसरतात. उत्पादकाचा पत्ता खोक्यावर असतो. पत्रात लशीचं नाव, पेशीवंशाचं नाव आणि एकच मागणी लिहा : मानवी गर्भाच्या पेशींशिवाय बनलेली रुबेलाची लस भारतात आणा. एक प्रत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला पाठवा.