कोरड्या थंडीत खोलीला ओल कशी द्यावी

दिवाळी सरली की सोलापुरात हवा सुकायला लागते. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरेपर्यंत ओठ उकलतात, टाचांना भेगा पडतात, लहान मुलांचा घोळणा फुटतो. मी उभा जन्म टॉवेलच्या मागावर काढला. सुती धाग्याला मागाच्या शेडमधल्या हवेत 75-80 टक्के ओल (सापेक्ष आर्द्रता) लागते. ती उतरली की ताण्याचे, म्हणजे मागावरचे उभे धागे पटापट तुटतात. त्यामुळे घरासाठीही माझं पहिलं सांगणं एकच: आधी मोजा. माणसाला 40 ते 50 टक्के पुरे.

ओल मोजायचं छोटं डिजिटल हायग्रोमीटर घ्या, पण त्याच्या आकड्यावर लगेच विश्वास टाकू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ते ओलं गच्च करा, विरघळू देऊ नका. झाकण आणि यंत्र एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी 75 दिसायला हवेत. 70 दिसले तर पुढे त्याच्या आकड्यात 5 मिळवत चला.

आता टॉवेल. आपल्या गावात टर्किश टॉवेलला तोटा नाही, आणि या कामाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, कारण त्याची वेलबुट्टी नाही तर त्याचे लूप, म्हणजे वर आलेले धाग्याचे फास, पाणी धरतात. लांब लुपांचा, जाड, जुना टॉवेल निवडा. कोरा टॉवेल पाणी नीट शोषत नाही, तो दोन-तीनदा धुऊन मगच वापरा. झोपायच्या आधी भिजवा, पाणी टपकणार नाही इतपत पिळा आणि दोरीवर एकेरी पसरा. घडी घातलीत तर आतला भाग तसाच ओला राहतो. टॉवेल भिंतीपासून हातभर लांब ठेवा, नाहीतर रंगाला पोपडे येतील. पंखा अगदी हळू ठेवा. वाळताना टॉवेल खोली थोडी गार करतो, म्हणून तो पलंगाच्या उशाशी टांगू नका.

पाणी किती लागतं? दहा बाय बाराची, दहा फूट उंच खोली 25 अंशांवर असेल तर ओल 30 वरून 45 टक्क्यांवर न्यायला हवेत जेमतेम 120 मिलिलिटर पाणी जावं लागतं. पण दाराखालच्या फटीतून ही हवा सतत बाहेर जाते, त्यामुळे रात्रभरात अर्धा लिटर तरी उडायला हवं. एक टॉवेल कमी पडला तर दोन लावा. फटीला जुनी चादर लावली की फरक पडतो, मात्र खिडकी बोटभर उघडी असू द्या. माणसं झोपलेल्या खोलीला ताजी हवा लागतेच. दुपारी उन्हाने खोली तापते तेव्हा टक्के सगळ्यात खाली जातात, म्हणून त्या वेळी पडदे ओढून घ्या. धुतलेले कपडेही त्याच खोलीत वाळत घाला. उघड्या भांड्यातल्या पाण्याचा फारसा उपयोग होत नाही. त्याचा पृष्ठभाग फार लहान.

ह्युमिडिफायर, म्हणजे हवेला ओल देणारं यंत्र, घ्यायचा असेल तर धुकं सोडणाऱ्या अल्ट्रासोनिक यंत्रात बोअरचं पाणी घालू नका. त्यातले क्षार पांढरी पूड होऊन फर्निचरवर आणि श्वासात जातात. आरओचं पाणी घाला, टाकी रोज रिकामी करा, आठवड्याला पांढऱ्या व्हिनेगरने घासा. कितीही गडबड असली तरी हे टाळू नका, शिळ्या पाण्यातले जंतू तेच यंत्र हवेत उडवतं.

आकडा 60 च्या वर जाऊ लागला की टॉवेल काढा, बुरशी धरेल. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून त्यावर पाणी ठेवणं हा तर जिवाशी खेळ आहे, त्या धुराविना येणाऱ्या विषारी वायूला वासही नसतो. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल लावा. आणि घोळणा पुन्हा पुन्हा फुटत असेल तर टॉवेलवर विसंबू नका, मुलाला डॉक्टरकडे न्या.