ओढ्याच्या तळातले जीव गोळा करताना या चुका टाळा

सह्याद्रीतल्या एखाद्या ओढ्यात जाळी लावली आणि ट्रेमध्ये चारच अळ्या आल्या, की वहीत ‘पाणी दूषित’ असा शेरा पडतो, कारण तळात कोणते जीव राहतात त्यावरून पाण्याची स्वच्छता ठरवली जाते. तो लिहिण्याआधी नमुना कसा घेतला ते तपासा. पुष्कळदा ओढा ठणठणीत असतो.

सगळ्यात जास्त नुकसान चुकीच्या जागेने होते. डोहाच्या काठी उभे राहणे सोपे, म्हणून तिथेच जाळी पडते. मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय या कीटकांचे निम्फ (पाण्यातली पिल्ले), कॅडिसफ्लाय या कीटकाच्या अळ्या मोठ्या संख्येने असतात त्या उथळ खळाळात, गोट्यांच्या खालच्या अंगाला. डोहातल्या गाळात सापडतात तांबड्या कायरोनोमिड (न चावणाऱ्या, डासासारख्या माशीच्या) अळ्या आणि गांडुळांचे पाणवासी भाऊबंद. सापडलेल्या कुळांना गुण देऊन पाणी जोखणाऱ्या (गुण जास्त तर पाणी स्वच्छ) मूळ ब्रिटिश बीएमडब्ल्यूपी गुणांकनात पहिल्या मंडळींतल्या कित्येक कुळांना १० गुण आहेत, कायरोनोमिडना २ आणि गांडूळवर्गीयांना १. नुसत्या डोहावर विसंबलात तर स्वच्छ ओढाही नापास होईल.

जाळीचे तोंड प्रवाहाकडे, खालची कड तळाला घट्ट टेकलेली, आणि तुम्ही जाळीच्या पुढे, प्रवाहाच्या वरच्या अंगाला, पायाने तळ ढवळत. पुढची जागा नेहमी प्रवाहाच्या वरच्या अंगाला घ्या. उलट गेलात तर तुमच्याच पायांनी ढवळलेल्या तळातून नमुना घ्याल. सर्बर सॅम्पलर (तळावर ठेवायची चौकट आणि तिला जोडलेली जाळी) ३० सेंमीपेक्षा खोल पाण्यात वापरू नका, कारण पाणी चौकटीवरून वाहते आणि जीवही त्याबरोबर निघून जातात. जाळी पानांनी तुंबली, पाणी तिच्या बाजूने वळायला लागले, तर थांबून ती धुवा. पुढे ढवळत राहण्यात अर्थ नाही.

पायाने तळ ढवळणे पुरत नाही. मोठे गोटे उचलून जाळीच्या तोंडाशी हाताने चोळा. वॉटर पेनी या भुंग्याची नाण्यासारखी चपटी अळी दगडाला अशी चिकटते की नजर तिच्यावरून सरळ पुढे जाते. चिमट्याने तिची कड हलकेच उचला. तपासलेला गोटा होता तसा परत ठेवा, ते कुणाचे तरी घर आहे.

दोन ओढ्यांची तुलना करायची तर जाळीची छिद्रे, वेळ आणि मेहनत सारखीच हवी. एकीकडे तीन मिनिटे आणि दुसरीकडे ‘काही मिळेपर्यंत’ असे केले की आकडे शेजारी मांडता येत नाहीत. पूर ओसरल्या ओसरल्या घेतलेला नमुनाही फसवतो, तळ धुऊन निघालेला असतो. भर पावसाळ्यात तर उतरूच नका. माथ्यावर सर आली की इथे ऊन असतानाही पाणी चढते.

नमुन्याची बरणी जीवांनी काठोकाठ भरू नका. जीवांच्या अंगातल्या पाण्याने अल्कोहोल पातळ होते आणि नमुना कुजतो, म्हणून ९५ टक्क्यांचे घाला आणि एका दिवसाच्या आत बदला. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बरणीच्या आत टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.

मेफ्लाय की स्टोनफ्लाय हे ओळखताना शेपट्या मोजून निकाल लावू नका, त्या सहज तुटतात आणि काही मेफ्लायना मुळातच दोन असतात. भिंगाखाली पाय बघा: मेफ्लायच्या निम्फला टोकाशी एक नखी, स्टोनफ्लायला दोन.