आयएनआर तपासणीला जाण्याआधी: वॉरफरिन घेणाऱ्यांच्या घरची तयारी

वॉरफरिन ही रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते आयएनआरच्या आकड्यावरून कळतं; आकडा चढला की रक्त जास्त पातळ. या तपासणीच्या आदल्या दिवशी घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरा, फक्त वॉरफरिनची पट्टी नेऊन भागत नाही. दाढेसाठी दिलेली मेट्रोनिडाझोल, नायट्यावरची फ्लुकोनाझोल, वैद्यांचा काढा, कुणी प्रेमाने आणून दिलेल्या हळदीच्या कॅप्सूल, सगळं त्यात येऊ दे. मेट्रोनिडाझोल आणि फ्लुकोनाझोल घेताना वॉरफरिनचा शरीरातून निचरा मंदावतो, रोजचाच डोस जास्त होतो आणि रक्त नको तितकं पातळ होतं. टीबीच्या रिफाम्पिसिनचं उलट: वॉरफरिनचा असर कमी होतो, गुठळीचा धोका वाढतो. मला सगळ्यात धास्ती वाटते ती गुडघेदुखीसाठी केमिस्टकडून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेनची. आयएनआर बरोबर असतानाही त्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

मग वही काढा आणि गेल्या आठ-पंधरा दिवसांतलं खाणं लिहा. ‘पालेभाजी बंद करा’ असं नातेवाईक हमखास सांगतात. ते ऐकू नका. पालेभाजीतल्या व्हिटॅमिन के वर यकृत रक्त गोठवणारे घटक बनवतं आणि वॉरफरिन नेमकं तिथेच अडवतं. तुमचा डोस तुमच्या नेहमीच्या जेवणावर बसवलेला असतो, म्हणून भाजी खा, पण प्रमाण साधारण सारखं ठेवा. पावसाळ्यात ठाण्याच्या बाजारात टाकळा, कुर्डू आला की घरात रोज पालेभाजीच शिजते, त्यात अळूचं फदफदं. आणि श्रावणात उपवास सुरू झाले की पानांवरून थेट साबुदाण्यावर. पहिल्यात आयएनआर उतरू शकतो, दुसऱ्यात चढू शकतो. या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना सांगा.

चुकलेली गोळी तारखेसह लिहा; दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरपाई करू नका. पट्टीवर किती मिलिग्रॅम आहे ते वाचा. शेजाऱ्यांच्या आयएनआरच्या आकड्याशी तुलना नको: एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार) आयएनआर सहसा 2 ते 3 ठेवतात, हृदयात मायट्रलच्या जागी यांत्रिक झडप असेल तर 2.5 ते 3.5.

ताप, जुलाब, जेवण तुटणं यांनी आयएनआर वाढतो. अशा वेळी तपासणीच्या तारखेची वाट न बघता फोन करा. डेंग्यूत प्लेटलेट (रक्त थांबवायला मदत करणाऱ्या पेशी) उतरतात, तेव्हा तर लगेच. काळी शौच, लघवीत रक्त किंवा डोक्याला मार लागला तर थेट हॉस्पिटल गाठा.

दात काढायची तारीख ठरली असेल तर तीही याच भेटीत सांगा. तोवर गोळी मनानेच बंद करू नका.