‘श्यामची आई’ रंगमंचावर आणताना

साने गुरुजींच्या या पुस्तकात 42 रात्री, म्हणजे प्रकरणं आहेत. शाळेच्या अर्ध्या तासाच्या नाटकात त्यातल्या तीनच मावतात. मी पाचवी-सहावीच्या मुलांसाठी निवड करताना एकच पाहते: या प्रसंगात कोणी काही करतं का? नुसता उपदेश असेल, तर प्रसंग कितीही लाडका असो, बाजूला ठेवायचा.

पोहण्याचा प्रसंग उत्तम. श्याम लपतो, आई त्याला शोधून काढते, मारते, विहिरीवर पाठवते. इथे विहीर बांधायची गरज नाही. आठ मुलं गोल करून बसवा, हातात निळी ओढणी द्या. श्यामने उडी मारली की ओढण्या वर उडतात. नंतर त्याच्या अंगावरचे वळ पाहून आईच्या डोळ्यांत पाणी येतं, तिथे संवाद लिहू नका. तिला फक्त वळांवरून हात फिरवू द्या आणि मुलांना मनात पाच अंक मोजायला लावा. आमच्याकडे ही शांतता बसवायला सगळ्यात जास्त तालमी लागतात.

आंघोळीनंतर श्याम आईला धोंड्यावर ओचे (नऊवारीचा पुढचा घोळ) पसरायला लावतो, तिथलं आईचं वाक्य मात्र मूळचंच ठेवा. ‘ओचे’ बदलून ‘पदर’ करू नका. नऊवारी नेसून दाखवली की मुलांना शब्द आपोआप कळतो.

श्याम तिघांना द्या, प्रसंगागणिक एक. टोपी एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर गेली की प्रेक्षकांना समजतं. पाठांतराचं ओझंही वाटलं जातं.

गुरुजी 1950 साली गेले, त्यामुळे भारतात मूळ पुस्तकाचा स्वामित्वहक्क आता संपलेला आहे. तरी पत्रिकेवर त्यांचं नाव ठळक छापा.