बागेतल्या तळ्यात बेडूक मरतात तेव्हा आधी काय बघायचं

सकाळी तळ्यावर गेलं आणि पोट वर करून फुगलेला, पांढरा पडलेला बेडूक तरंगताना दिसला की पहिला संशय मांजरावर जातो. माझाही गेला होता. मांजर बिचारं निर्दोष निघालं. चूक माझ्याच हौसेच्या तळ्यात होती. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे: जाळी हातात घेण्याआधी वहीत लिहायचं की किती मेले, मोठे की पिल्लं, आणि कातडीवर काही खूण दिसते का. निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

एखाददुसरा मेला असेल तर फार खोलात जाऊ नका. मादी शेकड्यांनी, काही जातींत हजारांनी अंडी घालते आणि त्यातली बहुतेक पिल्लं मोठी होतच नाहीत. विणीच्या दिवसांत तर एकाच मादीला तीन-चार नर मिठी मारून बसतात आणि त्या ओझ्याखाली ती कधीकधी बुडून मरते. बघवत नाही, पण त्यात आपण पडायचं नसतं.

पिल्लं मेलेली दिसली तर काठ तपासा. माझं तळं काळ्या प्लॅस्टिकचं, कडा सरळ उभ्या. उन्हानं पाणी चार बोटं खाली गेलं होतं. शेपूट नुकती गळालेली पिल्लं, नखाएवढी. बेडूकमासा असताना कल्ल्यांवर भागतं, आता फुप्फुसं आलेली, म्हणजे पाण्याबाहेर टेकायला जागा हवीच. एका संध्याकाळी मी काठावर बसून बघितलं. एक पिल्लू पुढचे दोन पाय प्लॅस्टिकला टेकवायचं, अंग वर ओढायचं आणि बुळबुळीत शेवाळावरून पोटावर घसरून परत पाण्यात. थोडं पुढे पोहून पुन्हा तेच. सात वेळा मोजलं, मग मीच त्याला ओल्या हातानं उचलून बाहेर ठेवलं. बेडूक पोहू शकतो म्हणून तो बुडणार नाही, असं मला तोवर वाटत होतं. दमला की तोही बुडतो.

उपाय सोपा आहे. एका कोपऱ्यात तळापासून काठापर्यंत दगड रचून उतार करा. तेवढं जमत नसेल तर खरबरीत फळी तिरपी लावा, खालचं टोक पाण्याखाली दगडानं दाबून. फळीची एक बाजू भिंतीला चिकटलेली असू द्या. बाहेरची वाट शोधणारा बेडूक कडेकडेनंच फिरतो, मधोमध लावलेली फळी त्याला सापडत नाही. पहिल्या खेपेला मी तीच चूक केली. उताराच्या वर थोडं गवत वाढू द्या. तापलेल्या फरशीवर येऊन पडण्यात पिल्लाचा काही फायदा नाही.

बेडूकमासे एकदम मेले तर आदल्या दोन दिवसांत पाण्यात काय गेलं ते आठवा. बहुधा नळाचं पाणी. त्यातला क्लोरिन त्यांना सोसत नाही. पाणी उघड्या टबात एक-दोन दिवस ठेवलं की क्लोरिन उडून जातो. नळाच्या पाण्यात क्लोरिनऐवजी क्लोरामिन (क्लोरिन आणि अमोनियाचं संयुग) वापरत असतील तर ते असं उडत नाही, त्यासाठी क्लोरामिनवर चालणारं औषध लागतं. पावसाचं साठवलेलं पाणी सगळ्यात बरं. शेवाळ मारायची तांब्याची औषधं तळ्यात अजिबात नकोत. काठीला गुंडाळून शेवाळ ओढा आणि रात्रभर काठावर ठेवा, म्हणजे त्यात अडकलेले जीव परत पाण्यात उतरतील. तणनाशकाचंही तसंच. ग्लायफोसेटच्या काही औषधांत ते पानाला नीट पसरावं म्हणून जो साबणासारखा पदार्थ घालतात, तोच बेडूकमाशांच्या जास्त जिवावर उठतो.

जिथे तळं गोठतं तिथली गोष्ट वेगळी. बर्फ वितळल्यावर एकदम दहा-वीस मोठे बेडूक मेलेले वर येतात आणि माणूस हादरतो. थंडीत काही बेडूक तळाशी निपचित पडून राहतात आणि फक्त कातडीतून श्वास घेतात. एरवी हे जमतं, कारण थंड पाण्यात प्राणवायू जास्त मावतो: ० अंशाला लिटरमागे साधारण १४.६ मिलिग्रॅम, तर ३० अंशाला जेमतेम ७.५. पण वर बर्फाचं झाकण बसलं, त्यावर हिम साचून उजेड अडला, की पाणवनस्पती प्राणवायू सोडत नाहीत. खाली कुजणारी पानं मात्र आहे तो संपवत राहतात. काठीनं तळ ढवळल्यावर काळा गाळ आणि सडक्या अंड्यांचा वास आला तर कारण सापडलं म्हणा.

याचं काम पानगळीतच करायचं. तळ्यावर जाळी टाका, थोडा गाळ काढा. सगळा नको, त्यातही जीव असतात. एखादा भाग ६० सेंटिमीटर तरी खोल ठेवा. हिवाळ्यात बर्फावरचं हिम झाडून उजेड आत जाऊ द्या. हातोड्यानं बर्फ फोडू नका. भोक हवंच असेल तर गरम पाण्याचं पातेलं वर ठेवून पाडा.

राहिला आजार. ऐन उन्हाळ्यात बरेच मोठे बेडूक मेले, अंगावर लाल चट्टे, जखमा, बोटं झडलेली, तर रानाव्हायरसचा संशय घ्यावा. दुसरी कायट्रिड बुरशी, जिला १९९९ साली नाव मिळालं. बेडूक पाणी तोंडानं पीत नाही, कातडीनं घेतो; क्षारांचा तोलही तिथेच सांभाळला जातो. बुरशी नेमकी तिथे बसते, क्षार घटतात आणि हृदय थांबतं. नुसत्या डोळ्यांनी हे ओळखता येत नाही, प्रयोगशाळाच लागते. तळ्यात ओतायचं औषध दोन्हींवर नाही.

तेव्हा फोटो काढा, वन्यजीवांचं काम बघणाऱ्यांना कळवा, हातमोजे घालून मेलेले बेडूक बाहेर काढा. या तळ्यातलं पाणी, झाडं, अंडी, बेडूक दुसऱ्या तळ्यात नेऊ नका आणि तिकडचं इकडे आणू नका. शेजारी प्रेमानं अंड्यांची बादली घेऊन आला तरी नाही म्हणा. जाळी आणि बूट धुऊन कडकडीत वाळवल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात घालू नका.